हात लावलेला कळतो, भाजलेलं कळत नाही

प्रश्न : गंगाखेड तालुक्यातल्या एका सूनबाईंनी नाव न छापण्याच्या अटीवर लिहिलं आहे. सासरे ६१ वर्षांचे, माळकरी, शेती अजून स्वतः बघतात. बारा वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत. दोन वर्षांपासून रात्री तळपायांची आग होते म्हणून झोपत नाहीत. कधी पाय थंड फरशीला टेकवून बसतात, कधी ओल्या फडक्यात गुंडाळतात. मे महिन्यात भर दुपारी शेतातल्या आखाड्यावरून अनवाणी घरी आले. दुसऱ्या दिवशी शहाबादी फरशीवर ओले डाग दिसले म्हणून सासूबाईंनी त्यांचा पाय उलटा करून पाहिला, तर अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा फोड येऊन फुटलेला. त्यांना पत्ताच नव्हता. जखम अजून ओली आहे. यजमानांचं म्हणणं, 'यांना चादर पायाला लागलेली सहन होत नाही, हात लावलेला लगेच कळतो, मग भाजलेलं कसं कळलं नाही? रात्रीचं कण्हणं नाटकच असणार.' गेल्या वर्षी केलेली एनसीव्ही, म्हणजे नसांची तपासणी, नॉर्मल आल्यापासून हा संशय पक्का झाला आहे. चुलत सासरे वायरमन आहेत. त्यांच्या मते नस म्हणजे वायर. ती कुठंतरी दबली आहे, चोळून मोकळी करून घ्यावी, सोबत 'लाल इंजेक्शनं' घ्यावीत. आणि सासऱ्यांना आषाढीला अनवाणी पायी जायचं आहे. 'कुणाचं खरं मानू? आणि मामांना वारीला जाऊ द्यावं का?'

उत्तर : ताई, मामांचं खरं माना. स्पर्श कळणं, भाजलेलं न कळणं आणि काहीही लागलेलं नसताना आग होणं, या तिन्ही गोष्टी एकाच पायात एकाच वेळी असू शकतात. शुगरने नसा खराब व्हायला लागतात तेव्हा पहिल्या काही वर्षांत बरेचदा असंच दिसतं. यजमानांनी पाहिलं ते बरोबरच पाहिलं, फक्त त्याचा अर्थ उलटा लावला.

त्यांचा हिशेब असा की पायातून मेंदूकडे एकच नस जाते, ती एक तर चालू असेल नाही तर बंद. प्रत्यक्षात एका नसेच्या जुडग्यात हजारो तंतू असतात आणि त्यांची कामं वाटलेली असतात. हलका स्पर्श, कंप आणि सांधा किती वाकला आहे ही खबर जाड तंतू नेतात. त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीचं जाड वेष्टन असतं, त्यामुळे संदेश सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगाने पळतो. टोचल्याची तीक्ष्ण कळ आणि गारवा पातळ वेष्टनाचे बारीक तंतू नेतात, सेकंदाला ५ ते ३० मीटर. उष्णता आणि मागून येणारी जळजळ मात्र वेष्टनच नसलेल्या सगळ्यात बारीक तंतूंवर असते, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. पायाच्या अंगठ्यापासून कमरेपर्यंतचं अंतर साधारण मीटरभर. म्हणून उंबऱ्याला अंगठा ठेचला की आधी चटकन कळ येते आणि खरी ठणक सेकंदभराने. दोन वेगवेगळ्या तंतूंनी आणलेल्या या दोन खबरा आहेत, हे घरातल्या कुणालाही स्वतःवरून पटेल.

पुढचा रस्ताही वेगळा आहे. स्पर्शाचे जाड तंतू मज्जारज्जूत शिरून त्याच बाजूने थेट वर, मेंदूच्या बुडापर्यंत जातात आणि तिथे दुसऱ्या पेशीला खबर देतात. दुखण्याचे आणि उष्णतेचे तंतू मज्जारज्जूत शिरल्याशिरल्याच दुसऱ्या पेशीकडे खबर सोपवतात. ती पेशी बाजू बदलते आणि पलीकडून वर जाते. दोन्ही वाटा मेंदूच्या आतल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रात पोचतात आणि तिथून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या पट्ट्यात, जिथे 'उजवा पाय, अंगठ्याचं मूळ' असा नेमका पत्ता लागतो. एक वाट खराब आणि दुसरी शाबूत, हे या रचनेत अगदी सहज घडतं.

आता मेमधल्या त्या दुपारकडे येऊ. त्वचेतल्या बारीक तंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक साधारण ४३ अंश सेल्सिअसला उघडतं. (मिरचीतलं तिखट द्रव्यही हेच प्रथिन उघडतं, म्हणून मिरची 'जळते'. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं. स्पर्श आणि दाब ओळखणारी प्रथिनं शोधणारे आर्डेम पटापुटियन त्यांच्यासोबत होते.) परभणीकडे मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर जाते, उघडी जमीन आणि डांबर तर त्याहून पुष्कळ जास्त तापतात. प्रथिन उघडलं की सोडियमचे कण आत घुसतात, मिलिसेकंदभराचा विजेचा ठोका तयार होतो आणि तो तंतूवर पुढे सरकत जातो. प्रत्येक ठोका सारख्याच ताकदीचा असतो. चटका जितका मोठा तितके सेकंदाला ठोके जास्त, त्यावरून मेंदू तीव्रता ओळखतो. खबर मज्जारज्जूत पोचताच तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो आणि पाय उचलला जातो. मेंदूला नंतर कळतं. मामांच्या तळपायात ही टोकंच विरळ झाली आहेत. ठोके उठलेच नाहीत, किंवा इतके थोडे उठले की पाय उचलण्याचा हुकूमही सुटला नाही. त्यामुळे ते नेहमीच्या चालीने घरापर्यंत चालत आले.

एनसीव्हीचं म्हणाल, तर ती तपासणी नसेला विजेचा झटका देऊन पलीकडे किती वेगाने आणि किती ताकदीने लाट पोचते ते मोजते. त्यात दिसते ती जाड, वेगवान तंतूंची लाट. बारीक तंतूंचा क्षीण, संथ संदेश तिच्यात उमटतच नाही. म्हणजे तुमच्या घरात पुरावा म्हणून दाखवला जाणारा तो कागद एवढंच सांगतो की वर्षभरापूर्वी मामांचे जाड तंतू ठीक होते. चादरीचा स्पर्श त्यांना कळतो, तेही याच्याशी जुळतं. बारीक तंतू मोजायचे तर त्वचेचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, पण मामांच्या बाबतीत सहसा त्याची गरज पडू नये. लक्षणं आणि पायाची साधी तपासणी यांवरून डॉक्टरांना अंदाज येतो.

वायरमन काकांची वायर अर्ध्यावर बरोबर आहे. वायरला जेवण लागत नाही, नसेला लागतं. पायाची संवेदना नेणारी पेशी राहते कमरेच्या मणक्याशेजारच्या गाठीत. तिचा एक फाटा अंगठ्यापर्यंत आणि दुसरा मज्जारज्जूत जातो. अंगठ्याच्या टोकाला लागणारं सगळं सामान त्या गाठीत तयार होऊन तंतूच्या आतून वाहत जातं. वेगवान माल दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर सरकतो, म्हणजे पोचायला तीन ते पाच दिवस. तंतूचा सांगाडा बनवणारी प्रथिनं मात्र दिवसाला काही मिलिमीटरच सरकतात. त्यांना महिने लागतात. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने पेशीचा कारभार आणि नसेला रक्त देणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी पडतं. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांतून होते, मग घोटा, मग पोटरी. गुडघ्याच्या आसपास पोचल्यावर हाताची बोटं बधिर व्हायला लागतात. इथे काही दबलेलं नाही, त्यामुळे चोळून मोकळं करायलाही काही नाही.

रात्रीच्या आगीचं कारण याच्याच पोटात आहे. इजा झालेली टोकं काही न लागताही आपोआप ठोके सोडतात. ठोका वाटेत कुठे जन्मला हे मेंदूला कळायला मार्ग नाही. त्या तंतूवरून आला म्हणजे तळपायातून आला, असंच तो धरतो. असे ठोके महिनोन्महिने येत राहिले की मज्जारज्जूतली पुढची पेशी हळवी होते, आणि मग चादरीचा साधा स्पर्शही दुखण्यासारखा पोचतो. रात्री वाढतं याचं एक कारण असं की दिवसा चालताना जाड तंतूंची खबर सतत येत असते आणि ती मज्जारज्जूतच दुखण्याच्या खबरेला काहीशी अडवते. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेली ही कल्पना तपशिलात पुष्कळ बदलली, पण गाभा टिकून आहे. पाय चोळल्यावर मामांना तेवढ्यापुरतं बरं वाटत असेल तर ते यामुळे. हलक्या हाताने कोमट तेल लावायला हरकत नाही. पण गरम तेल, रगडणं, पायावर पाय देऊन तुडवणं हे अशा पायाला घातक आहे. कातडी फाटली तरी तो सांगणार नाही.

एक गोष्ट घरात सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. उद्या मामा म्हणाले की 'आता आग होत नाही', तर लगेच खूश होऊ नका. कधी कधी आग थांबते ती उरलेले तंतूही गेल्यामुळे.

लाल इंजेक्शन म्हणजे बी-१२. ते सरसकट निरुपयोगी म्हणणार नाही, पण क्रम चुकतो आहे. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्यावर बी-१२ कमी शोषलं जातं, आणि माळकरी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं. म्हणून मामांची तपासणी व्हायलाच हवी. मात्र ती इंजेक्शन घेण्याआधी करा, कारण एकदा टोचल्यावर रक्तातला आकडा वाढतो आणि मूळची कमतरता होती की नाही हे कळत नाही. शिवाय बी-१२च्या कमतरतेत बरेचदा उलटं चित्र असतं: जाड तंतूंची वाट आधी बिघडते. कंप कळत नाही, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. मामांना तसं होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कमतरता निघाली तर इंजेक्शनं घ्यावीत, तो योग्य उपचार आहे. नाही निघाली तर ती घेऊन पाय सुधारणार नाहीत. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका.

आणखी एक आजार तपासून घ्या, कारण तोही आधी उष्णतेची जाणीव घालवतो, आणि आपल्याकडे त्याचं नाव काढायला लोक लाजतात. तो म्हणजे कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर घाम नाही, केस झडलेले, जाणीव कमी. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस दोरीसारखी जाड लागते. असं काही दिसलं तर लपवू नका; सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. दोन्ही पायांत सारखंच असेल तर कल शुगरकडे. एकाच पायात, कमरेतून कळ उतरत असेल तर मणक्याकडे. आणि अचानक एका बाजूचा हात, पाय किंवा चेहरा बधिर झाला तर तो अर्धांगाचा झटका समजून त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

घरी काय तपासता येईल? स्पर्शाची सोपी चाचणी आहे. मामांना डोळे मिटून पडायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या आणि करंगळीच्या टोकाला, अशा सहा ठिकाणी बोटाने अगदी हलका स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. कळलं की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे. तुम्ही त्यांच्या पायाला हात लावायला त्यांना संकोच वाटत असेल तर सासूबाई करतील, नातवंडं तर हौसेने करतील. मामा आज ही परीक्षा पास होतील असं पत्रावरून वाटतं. तरी महिन्यातून एकदा करत राहा. मात्र पास झाले म्हणून चटक्यापासून सुरक्षित आहेत असं नाही, ती वेगळी वाट. त्यासाठी फ्रिजमधल्या पाण्याचा स्टीलचा पेला आणि साध्या पाण्याचा पेला आलटून पालटून पावलाच्या वरच्या बाजूला टेकवा आणि कुठला गार ते विचारा. टाचेवर करू नका. शेतकऱ्याच्या टाचेची कातडी जाड असते, तिथे धडधाकट माणसालाही नीट कळत नाही. गरम वस्तू लावून परीक्षा कधीच घेऊ नका. डॉक्टर याच्या पुढे जाऊन १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्याने, १२८ हर्ट्‌झच्या नादकाट्याने आणि टाचणीने तपासतात, घोट्यामागची आणि पावलावरची नाडीही बघतात. नाडी महत्त्वाची, कारण रक्त पोचत नसेल तर जखम भरणार नाही.

सध्याची जखम मात्र आजच दाखवायची आहे. शुगरच्या माणसाची पायाची जखम इतके दिवस ओली राहणं बरं नाही, आणि न दुखणारी जखम भरत नाही त्याचं मोठं कारण म्हणजे माणूस तिच्यावर चालत राहतो. तोवर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा गॉज लावा. राख, चुना, हळद, टूथपेस्ट काही नको. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवणंही नको, कातडी पांढरी पडून फाटते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. भोवती लाली पसरली, वास आला, काळं पडलं, ताप आला तर रात्र काढू नका. जखम नसतानाही एक पाऊल गरम, लाल, सुजलेलं आणि तरी फारसं न दुखणारं असेल तर हाडं आतून खचत असू शकतात. त्या पायावर एक पाऊलही न टाकता नेलं पाहिजे. तालुक्याच्या रुग्णालयातून परभणी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय किंवा नांदेडचं शंकरराव चव्हाण महाविद्यालय इथे पाठवता येतं.

आगीवरच्या औषधांबद्दल थोडं. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचा या दुखण्यावर फारसा उपयोग नाही आणि शुगरवाल्याच्या किडनीला ती महाग पडतात. प्रीगॅबलिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं नसांचे फाजील ठोके किंवा मज्जारज्जूतला हळवेपणा कमी करतात. नस दुरुस्त करत नाहीत. सुरुवात कमी मात्रेने होते, झोप आणि चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री लघवीला उठताना दिवा लावा. लघवी अडखळत होत असेल तर ते आधी सांगा, अमिट्रिप्टिलिनने वाढतं. मुळावर घाव म्हणजे साखर ताब्यात आणणं आणि तंबाखू सोडणं. तरीही तुटलेला तंतू फार तर दिवसाला मिलिमीटरभर वाढतो, शुगरमध्ये त्याहून हळू. घोट्यापासून अंगठ्यापर्यंत साधारण वीतभर अंतर असतं, म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी महिने लागणार. पंधरा दिवसांत नस मोकळी करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब विचारा.

राहिली वारी. जनाबाईच्या तालुक्यातल्या माळकऱ्याला 'जाऊ नका' म्हणणं सोपं नाही, आणि तसं म्हणायची नेहमीच गरज आहे असंही नाही. वाद चालण्याचा नाही, अनवाणी चालण्याचा आहे. जखम ओली असेपर्यंत पायी वारी नाही, यावर तडजोड नको. या वर्षी गाडीने पंढरपूर गाठून दर्शन होऊ शकतं. 'दुखत नाही ना मला' असं ते म्हणतील. तेव्हा सांगा की त्या पायाची न दुखण्याची ग्वाही आता धरता येत नाही. हे डॉक्टरांच्या किंवा दिंडीप्रमुखांच्या तोंडून आलं तर जास्त लागू पडेल, सुनेच्या तोंडून आलं तर वाद होईल. वहाणा घालून चालणारे वारकरी दिंडीत कमी नसतात, हेही त्यांना दाखवून द्या.

पुढच्या वर्षासाठी, आणि रोजच्या शेतासाठीही, एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या) रबराच्या मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली सँडल घ्या. अंगठ्याची चप्पल नको. बोटांच्या बेचक्यात पट्टा कापतो आणि पायातून निसटलेली कळत नाही. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारा, कागद कापा आणि चपलेत सारून बघा. कागद दुमडला तर चप्पल अरुंद. माप 'बरोबर वाटतं' या मामांच्या शब्दावर जाऊ नका. पहिल्या आठवड्यात दिवसाला तासभरच घालायची, काढल्यावर लाल झालेली जागा अर्ध्या तासात फिकी पडली नाही तर ती बदलून घ्यायची. मोजे सुती आणि पांढरे, म्हणजे डाग दिसतो. घालण्याआधी चप्पल उलटी करून आपटायची; खडा, काटा, विंचू काहीही असू शकतं. हंड्यातलं पाणी पायावर घेण्याआधी सासूबाईंनी कोपर बुडवून बघावं. भोवरी ब्लेडने कापायची नाही. भेगांवर खोबरेल किंवा व्हॅसलीन, बोटांच्या बेचक्यात मात्र नाही, तिथे कोरडंच.

आणि रोज संध्याकाळी हातपाय धुतल्यावर आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे बघायचे: अंगठ्याचं मूळ, करंगळीची कड, टाच, बेचकी. हाताची मागची बाजू दोन्ही पावलांना लावून एक जास्त गरम लागतं का तेही बघायचं. दिंडीत गेले तर हेच दुपारच्या विसाव्यालाही करायचं, संध्याकाळी मुक्कामावर बॅटरीच्या उजेडात, आणि सोबत सासूबाई असतील तर हे काम त्यांच्याकडे ठरवून द्या. तळव्यावर नवी लाली दिसली तर पुढचा मुक्काम गाडीने.